देशाचे गाव, नगराचे राष्ट्र

ओडिया आणि इंडोनेशियन या दोन भाषांची तुलना करावी असे एखाद्याच्या मनात का यावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी रास्त आहे. कारण वंशावळीचे दप्तर कितीही धुंडाळले, तरी या दोघींचे नाते त्यात कोठेच सापडत नाही. ओडिया ही मागधी प्राकृताच्या घराण्यातली, म्हणजे बंगाली आणि असमिया यांची सख्खी बहीण आणि आपल्या मराठीची चुलत बहीण. इंडोनेशियन ही मलय भाषेची राजमान्य आवृत्ती, जिचे भाऊबंद पश्चिमेस मादागास्करपासून पूर्वेस थेट हवाई बेटांपर्यंत विखुरलेले आहेत, परंतु आर्यावर्तात ज्यांच्या नावाचा सातबारा कोठेही निघत नाही. तथापि कुतूहलाला वंशावळ लागत नाही, आणि मराठी माणसाच्या कुतूहलाला तर निमित्तही लागत नाही. या दोन भाषांची प्राथमिक पुस्तके त्याने एकाच टेबलावर उघडून ठेवली, की 'अरे, हे तर सगळे आपलेच!' असा जो प्रसन्न भाव त्याच्या मुखावर पसरतो, तो पाहण्यासारखा असतो. ओडिया आपली, कारण तीत 'नाही'ला 'नाहिं' म्हणतात. इंडोनेशियन आपली, कारण तीत भाषेला 'बहासा' म्हणतात. एवढ्या भांडवलावर सुरू झालेला हा आत्मविश्वास या दोन भाषा कोणकोणत्या युक्तीने जप्त करतात, तेच येथे सांगावयाचे आहे.

लिपीपासूनच आरंभ करू. ओडियाचे छापील पान प्रथम पाहिले की वाटते, पंगतीत कोणी वाट्या उपड्या घालून ठेवल्या आहेत आणि वाढपी अद्याप यावयाचा आहे. देवनागरीत अक्षरांच्या डोक्यावरून जी सरळ शिरोरेखा धावते, तिच्या जागी ओडियात बहुतेक प्रत्येक अक्षराने स्वतःपुरती एक वाटोळी कमान उभारली आहे. आणि याचे जे कारण सांगतात ते सौंदर्यशास्त्रातले नसून वनस्पतिशास्त्रातले आहे. पूर्वीचे लेखनिक ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरीत. ताडाच्या पानाच्या शिरा आडव्या जातात, आणि त्या दिशेने सरळ रेघ ओढली की पान चिरते. तेव्हा पोथी वाचवायची म्हणून रेघेने वळण घेतले. कारण मोठे सयुक्तिक आहे, पण त्यामुळे शिकणाऱ्याची दैना काही कमी होत नाही. सर्वांची डोकी सारखीच असल्यामुळे अक्षर ओळखावयाचे ते पायांवरून, म्हणजे माणसे ओळखण्याची जी रीत आपण लहानपणापासून अंगी बाणवलेली असते तिच्या नेमके उलट. आणि ही ओळख पटेपर्यंत चष्म्याचा नंबर वाढण्याची पूर्ण शक्यता असते.

इंडोनेशियनमध्ये ही भानगड नाही. ती रोमन लिपीत लिहितात, आणि तीही आता बऱ्यापैकी सरळपणे. डच अमदानीत 'उ' या एका स्वरासाठी दोन अक्षरे खर्ची पडत, 'च'साठी दोन आणि 'ज'साठी दोन. स्वातंत्र्य मिळाल्यावर ही उधळपट्टी हळूहळू बंद करण्यात आली आणि १९७२ साली सरकारी फर्मान निघून 'च' आणि 'ज' यांनी प्रत्येकी एकेका अक्षरावर गुजराण करावी असे ठरले. तेव्हापासून रोमन 'सी' दिसला की तेथे बिनदिक्कत 'च' वाचावा. केवळ माणसांची नावे तेवढी या हुकुमातून सुटली, आणि सुकर्ण व सुहार्तो यांच्या स्वाक्षऱ्यांत डच वळणाचा 'उ' अखेरपर्यंत दोन अक्षरांचे भत्ते घेत राहिला.

या नावांवरूनच एक गंमत आठवते. ओडियात 'अ' हा स्वर 'ऑ'सारखा गोल उच्चारतात, आणि आपण शब्दाच्या अंती जो 'अ' मुकाट्याने गिळून टाकतो तो ओडिया मनुष्य सन्मानपूर्वक, पूर्ण उच्चारतो. त्यामुळे पुरीच्या जगन्नाथाचे नाव तेथील भक्ताच्या तोंडून 'जॉगॉन्नाथॉ' असे भरघोस ऐकू येते. आता जावा बेटावर जाऊन पाहावे, तर तेथेही महाभारतातला कर्ण 'सुकर्णो' होऊन राष्ट्राध्यक्षपदी बसलेला, आणि आपल्या 'दीपनगरा'तून 'दिपोनगोरो' हा डचांशी लढलेला राजपुत्र निर्माण झालेला. अशा वेळी उत्साही संशोधकाला मोह होतो, की कलिंगाच्या नाविकांनीच हा ओकार गलबतात घालून तिकडे नेला असावा. मोह आवरावा. हा ओकार इंडोनेशियनचा नव्हे, तिच्या शेजारणीचा, जावी भाषेचा आहे, आणि तो तेथे आपल्या पायांनी आलेला आहे. याच न्यायाने ओडियात वडिलांना 'बापा' आणि इंडोनेशियनमध्ये 'बापाक' म्हणतात, यावरूनही काही सिद्ध होत नाही. जगातल्या पुष्कळ मुलांना ओठ मिटून उघडल्यावर जो ध्वनी प्रथम साधतो, तो वडील मंडळींनी आपल्या नावे रुजू करून घेतला आहे, इतकेच.

खरे नाते कोठे आहे हे पाहावयाचे असेल, तर ओडियाच्या घरात शिरावे. तेथे मावशी 'माउसी' आहे, नणंद 'नणंद'च आहे, भावजय 'भाउज' आणि जावई 'जोईं' आहे. म्हणजे एकत्र कुटुंबात कलहाला लागणारी सर्व प्रमुख पात्रे ओळखीची आहेत. आणि या सर्वांवर कडी म्हणजे 'ळ'. हिंदीने ज्याला दारातूनच परत पाठविले आणि बंगालीने ज्याची कधी विचारपूस केली नाही, तो 'ळ' ओडियात सन्मानाने नांदतो: 'फळ', 'जळ', 'गळा', 'कमळ', 'कदळी'. उत्तरेकडच्या प्रवासात आपल्या टिळकांचे 'तिलक' आणि काळ्यांचे 'काले' झालेले ऐकून ज्याचे मन विटले आहे, अशा मराठी माणसाने कटकच्या बाजारात उभे राहून केळेवाल्याचा 'कदळी' हा उच्चार एकदा कानांत साठवावा. मात्र काळ्या रंगाला तेथे 'कळा' म्हणतात आणि मुलांना 'पिला', एवढे ध्यानात ठेवावे. नाहीतर एखाद्या सद्गृहस्थाने आपल्या पिलांची चौकशी केली असता हा मनुष्य पक्षी पाळतो की काय, अशी शंका उगाच यावयाची.

व्याकरणात मराठी विद्यार्थ्याला दोन्हीकडे पहिला आनंद होतो तो लिंगाच्या अभावाचा. आपल्याकडे खुर्ची ती, पंखा तो आणि टेबल ते, हे का, याचे उत्तर व्याकरणकारांनाही देता आलेले नाही. आणि परप्रांतीयाने मराठी शिकताना या एका प्रश्नापायी किती अश्रू ढाळले असतील, त्यांची गणना नाही. ओडियात 'से' म्हणजे तो, ती आणि ते. इंडोनेशियनमध्ये 'दिया' म्हणजे तो किंवा ती. 'से गला' या ओडिया वाक्यावरून कोणी गेले एवढे नक्की कळते. पुरुष गेला की स्त्री, हे ज्याचे त्याने दाराशी जाऊन पाहावे. ओडियाने लिंगाची ही जी सवलत दिली, तिची भरपाई मात्र ती क्रियापदाकडून करून घेते: 'मुँ जाउछि', 'तु जाउछु', 'तुमे जाउछ', 'आपण जाउछंति', असा पुरुष, वचन आणि मानमरातब यांचा पुरा दरबार भरतो. इंडोनेशियन क्रियापद काळही सांगत नाही. 'साया माकान' म्हणजे मी खातो, खाल्ले आणि खाईन. 'काल' किंवा 'उद्या' असा एखादा शब्द पुढे ठेवला की काम झाले. हे ऐकून आळशी मनुष्य तत्काळ इंडोनेशियनचे नाव नोंदवतो, आणि दुसऱ्या महिन्यात उपसर्गांच्या हाती सापडतो. 'तुलिस' म्हणजे लिहिणे हा धातू; त्यापासून 'मनुलिस', 'दितुलिस', 'पनुलिस', 'तुलिसान', 'तर्तुलिस' असे अनेक शब्द होतात, आणि त्यात 'मनुलिस' होताना मुळातला 'त' गळून पडतो. शब्दकोश बहुधा धातूच्या अनुक्रमाने लावलेला असल्यामुळे, जो शब्द वाचनात आला तो कोशात त्या जागी नसतो. आधी त्याचे मूळ अक्षर कोणते असावे याची चौकशी करावयाची, आणि मग कोश उघडावयाचा. म्हणजे शब्द ठाऊक असेल, तरच तो शोधता येतो.

मोजणीची रीत दोघींचीही न्यारी. ओडियात माणसे मोजताना 'दुइ जण' म्हणतात. ते आपल्याला सहज कळते. इंडोनेशियात गुरुजी मोजावयाचे झाल्यास 'दोन मनुष्य गुरू' म्हणावयाचे, पुस्तक असल्यास 'एक फळ पुस्तक', आणि मांजरे असल्यास 'तीन शेपूट मांजर'. आपण सभेला जमलेल्यांची डोकी मोजतो, ते जनावरांच्या शेपट्या मोजतात; दोन्हींतही मधल्या देहाचा हिशेब सुटतो. अनेकवचनासाठी शब्द दोनदा म्हणावयाचा, हीही तिकडची सोय: 'बुकु' म्हणजे पुस्तक, 'बुकु-बुकु' म्हणजे पुस्तके. पण 'माता' म्हणजे डोळा असताना 'माता-माता' म्हणजे डोळे असे समजून चालाल, तर फसाल. त्याचा अर्थ हेर असा होतो. आणि 'हाती' म्हणजे काळीज. ते दोनदा म्हटले की 'सांभाळून!' रस्तोरस्ती वळणावर ही 'हाती-हाती'ची पाटी असते, आणि नवख्या मराठी प्रवाशाची दृष्टी रस्ता सोडून गजराजाचा शोध घेऊ लागते.

एका बाबतीत मात्र मराठी माणूस तिकडे जन्मजात पंडित ठरतो. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद इंग्रजाला आयुष्यभर कळत नाही. इंडोनेशियनमध्ये तो 'कामी' आणि 'किता' असा तंतोतंत आहे. 'किता' चहा घेऊ म्हटले तर समोरच्यालाही निमंत्रण असते. 'कामी' चहा घेऊ म्हटले तर त्याने उठावे. नकाराच्याही अशाच छटा आहेत. 'हा गुरू नव्हे' यातला नव्हे म्हणजे 'बुकान', 'तो येत नाही' यातला नाही म्हणजे 'तिदाक', आणि नको म्हणजे 'जांगान'. ओडियातही 'नुहें' आणि 'नाहिं' हे आपल्याच नव्हे-नाहीचे चुलतभाऊ. पण इंडोनेशियनांनी आणखी एक नकार राखून ठेवला आहे, तो 'बलुम', म्हणजे 'अजून नाही'. तुमचे लग्न झाले का, असे विचारल्यावर सत्तरीच्या ब्रह्मचाऱ्यानेही तेथे 'बलुम' असेच उत्तर द्यावयाचे असते. निखालस नकार देऊन नियतीच्या तोंडावर दार लावणे हे शिष्टसंमत नाही.

आता संस्कृताकडे येऊ, कारण खरा घोटाळा तेथेच आहे. इंडोनेशियनमध्ये संस्कृत शब्द शेकड्यांनी आहेत, आणि ते तेथे जाऊन पुरते स्वतंत्र झालेले आहेत. 'देसा' म्हणजे खेडे आणि 'नगारा' म्हणजे राष्ट्र. म्हणजे आपला देश तेथे गावाएवढा आकसला आणि नगर फुगून राष्ट्र झाले. 'चाहाया' म्हणजे प्रकाश, आणि हा मूळचा 'छाया'. 'गंबिरा' म्हणजे आनंदी; मूळ 'गंभीर'. स्वर्ग, नरक, दोष आणि उपवास ही चार धार्मिक पदे 'सुर्गा', 'नराका', 'दोसा' आणि 'पुआसा' होऊन इस्लामच्या सेवेत रुजू झाली आहेत, आणि तेथील मुसलमान रमजानचे रोजे 'पुआसा' या नावाने अत्यंत श्रद्धेने पाळतात. नवरा 'सुआमी', बायको 'इस्त्री'; कपड्यांची इस्त्री निराळी, ती 'सेत्रिका', आणि तिचे माहेर हॉलंडात. परंतु या सर्वांत जो शब्द मला अर्थदृष्ट्या सर्वांत प्रामाणिक वाटतो, तो 'चिंता'. तिकडे चिंता म्हणजे प्रेम. युवक युवतीला 'मी तुझी चिंता करतो' या अर्थाच्या शब्दांत प्रेमाचे निवेदन करतो, आणि ज्या गोष्टीचा उलगडा आपल्याकडे लग्नानंतर होतो, ती तेथे आरंभीच स्पष्ट केलेली असते.

ओडियात या शब्दांनी आपली चाल सोडलेली नाही. तेथे चिंता ही चिंताच आहे, देश हा देशच आहे, आणि 'कपाळ' तर आपल्यासारखेच दुहेरी आहे: अंगाचा भाग आणि नशीब. तेच संस्कृत 'कपाल' इंडोनेशियात 'कपाला' होऊन अख्खे डोके बनले, आणि तेवढ्यावर न थांबता त्याने सरकारी नोकरी धरली. शाळेचा मुख्याध्यापक 'कपाला सकोला', गावचा पाटील 'कपाला देसा', कचेरीचा मुख्याधिकारीही 'कपाला'च. कामासाठी कचेरीत गेलेल्या माणसाला आपल्याकडे कपाळाला हात लावावा लागतो. तेथे नुसते भेटावे लागते.

वर्तमानपत्राला आपण संस्कृतातून नाव शोधले, पण ओडिया त्याला 'खबर कागज' म्हणते आणि इंडोनेशियन 'सुरात काबार'. खबर दोघींचीही अरबीतून आलेली. 'आपा काबार?' म्हणजे काय खबर, म्हणजेच कसे आहात. पोर्तुगीजांनीही दोन्हीकडे मालमत्ता मागे ठेवली आहे. १५१० साली गोवा आणि लगेच १५११ साली मलाक्का घेणाऱ्या अल्बुकर्कच्या जातभाईंनी इंडोनेशियनला 'जंदेला' ही खिडकी आणि 'गरेजा' हे प्रार्थनामंदिर दिले. गोव्यातल्या माणसाला ती 'जनेल' आणि 'इगर्ज' म्हणून ताबडतोब ओळखू येतात. मराठीला व ओडियाला त्यांनी चावी व 'चाबि' दिली. खिडकी एकाला आणि किल्ली दुसऱ्याला, अशी ही वाटणी.

या दोन भाषांच्या चरित्रांत एक विरोध मात्र असा आहे, की एखाद्या नाटककाराला तो सुचला असता तर अतिरंजित म्हणून टीका झाली असती. १८७० साली बालेश्वरच्या शाळेतल्या एका बंगाली पंडितांनी पुस्तिका लिहून ओडिया ही स्वतंत्र भाषाच नाही असे जाहीर केले. शेकडो वर्षे काव्य-पुराणे लिहीत आलेल्या भाषेला आपल्या अस्तित्वाचा दाखला सादर करण्याची पाळी आली. फकीरमोहन सेनापतींनी त्यासाठी मुद्रणालय चालवले, पाठ्यपुस्तके लिहिली. तेथील कलेक्टर जॉन बीम्स यांनीही ओडियाच्या बाजूने साक्ष दिली, आणि १८७२ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तौलनिक व्याकरणात ओडिया आणि मराठी या दोघींना एकाच पंक्तीत स्वतंत्र पाने मिळाली. पुढे गोपालचंद्र प्रहराजांनी सात खंडांचा 'पूर्णचंद्र ओडिया भाषाकोश' रचला, बहुधा पुन्हा कोणी विचारू नये म्हणून. १ एप्रिल १९३६ रोजी भाषेच्या पायावर ओडिशा प्रांत झाला, आपल्या महाराष्ट्राच्या चोवीस वर्षे आधी. आणि अभिजाततेचा दर्जाही ओडियाने २०१४ सालीच, म्हणजे मराठीच्या दहा वर्षे आधी पदरात पाडून घेतला. याउलट २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, काही तरुण एकत्र जमले, त्यांनी शपथ घेतली, आणि बंदरांत व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेली मलय भाषा 'इंडोनेशियन' या नावाने राष्ट्रभाषा झाली. जावी भाषिक संख्येने किती तरी अधिक होते. तरी त्यांनी हरकत घेतली नाही. ज्यांनी आपल्याकडच्या साहित्यसंमेलनांतले ठराव ऐकले आहेत, त्यांना या घटनेतला चमत्कार वेगळा समजावून सांगावयास नको.

कटकला कार्तिकी पौर्णिमेला महानदीच्या काठी 'बालिजात्रा' भरते. पूर्वीचे साधव, म्हणजे व्यापारी, याच सुमारास गलबते घेऊन जावा-बालीकडे निघत, म्हणून लोक पहाटे केळीच्या सोपटांच्या होड्या दिवा लावून सोडतात, आणि दिवसभर दहीवडा व आलूदम खातात. 'बालि' म्हणजे ओडियात वाळू. त्यामुळे ही जात्रा बाली बेटाची की वाळवंटाची, असा एक वाद तेथील विद्वानांत आहे. इतका दूरचा इतिहास नको असेल, तर ओडिशाचे वैमानिक-पुढारी बिजू पटनायक आहेतच: १९४७ साली डचांची नाकेबंदी चुकवून त्यांनी विमानाने इंडोनेशियन नेते सुतान शाहरीर यांना जावातून बाहेर काढले, इंडोनेशियाने त्यांना 'भूमिपुत्र' म्हणून गौरविले, आणि सुकर्णांच्या कन्येचे मेघावती हे नाव त्यांनीच सुचविले असे ओडिशात अभिमानाने सांगतात.

आपलाही ओडिशाशी संबंध काही थोडाथोडका नाही. १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल तेथे होता, आणि आमच्या बारगिरांची आठवण तेथील लोकांनी 'बर्गी' या शब्दात जतन करून ठेवली आहे. ती आदराची आहे असे मात्र कोणी म्हणणार नाही.

तेव्हा निर्णय असा. ज्याला वर्षाच्या आत चार लोकांत बोलावयाचे असेल, त्याने इंडोनेशियन घ्यावी, परंतु ओळखीचा दिसणारा प्रत्येक शब्द जामीन घेतल्याखेरीज आत घेऊ नये. ज्याला धीर आहे, डोळे शाबूत आहेत आणि वाचण्याची आवड आहे, त्याने ओडियाच शिकावी, आणि पहिली कादंबरी फकीरमोहनांची 'छ माण आठ गुंठ' घ्यावी. सहा माण आणि आठ गुंठे जमिनीपायी एका विणकर जोडप्याचा सर्वनाश कसा झाला, याची ती कथा आहे, आणि जमिनीच्या खटल्यात मुरलेल्या मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही. वाचताना एवढेच लक्षात असू द्यावे, की ओडिशात एकराचे पंचवीस गुंठे होतात आणि आपल्याकडे चाळीस.